ईसीजीवरचा रिदम वाचायचा कसा : आधी पी शोधा, नाव नंतर द्या

हे लिहायलोय ते नवीन आयसीयूला लागलेल्या सिस्टर-ब्रदर लोकांसाठी, सोलापूर सिव्हिलला इंटर्नशिप करणाऱ्या पोरापोरींसाठी, आणि मोहोळ, करमाळा, अक्कलकोटकडं छोट्या दवाखान्यात एकट्यानं मशीन लावणाऱ्या टेक्निशियनसाठी. कार्डिओलॉजिस्टनी वाचू नये, बोअर होईल. शिकताना बहुतेक जण काय करतात तर रिदमच्या नावांची यादी पाठ करतात, फ्लटर असा दिसतो, व्हीटी असा दिसतो, मोबिट्झ टू असा, आणि पुस्तकातलं चित्र डोक्यात ठेवून हातातल्या पट्टीशी जुळवत बसतात. जुळत नाही ते. पुस्तकातली पट्टी स्वच्छ असते आणि आपली पट्टी एप्रिलच्या उन्हातून रिक्षानं आलेल्या घामाघूम माणसाच्या छातीवरून निघालेली असते. म्हणून माझं एकच म्हणणंय, नाव सगळ्यात शेवटी द्यायचं. आधी पी, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची छोटी लाट, शोधायची, दर वेळी त्याच क्रमानं तेच चार-पाच प्रश्न विचारायचे, नाव आपोआप येतंय.

पण पट्टीच्या आधी पेशंट बघायचा, हे तर लिहायलाच पाहिजे. मॉनिटरवर व्हीएफसारखं (खालचे कप्पे नुसते थरथरतात, नाडी नसते, तो रिदम) काहीतरी नाचायलंय आणि काका बेडवर बसून दात घासायलेत, तर ते व्हीएफ नाही, हात हलतोय म्हणून वायर हलायलीय. उलट मॉनिटरवर छान सायनस, म्हणजे नेहमीचा नॉर्मल रिदम, पळतोय आणि गळ्याची नाडी लागत नाही, तर तो पीईए, लगेच सीपीआर. शुद्ध नाही, नाडी नाही अशा माणसासमोर चौकोन मोजत उभं राहायचं नसतं बे. व्हीएफ आणि नाडी नसलेला व्हीटी (खालच्या कप्प्यातनंच निघालेला वेगातला रिदम), या दोघांना शॉक. असिस्टोल (सरळ रेघ) आणि पीईएला शॉक नाही, सीपीआर आणि ॲड्रिनलिन. सरळ रेघ दिसली तर सीपीआर न थांबवता दुसऱ्यानं वायर सुटलीय का, गेन (रेघेच्या उंचीची सेटिंग) कमी झालाय का, दुसऱ्या लीडमध्ये (दुसऱ्या वायरींवरून घेतलेल्या रेघेत) पण तसंच आहे का ते बघायचं. हे तेवढं पाठच करा. आणि छातीत दुखतंय म्हणून आलेल्या माणसाचा ईसीजी दहा मिनिटांच्या आत काढून डॉक्टरच्या हातात द्यायचा, तिथं रिदम ओळखत बसायचं नाही, एसटीचा, म्हणजे रेघेच्या ज्या भागावरून अटॅक ओळखतात त्याचा, विषय वेगळा आहे आणि तो मी इथं घेतलेला नाही. पुढचं सगळं नाडी लागणाऱ्या, जरा दम खाऊन बघता येईल अशा पेशंटसाठी.

कागद आधी समजून घ्या. नेहमीचा स्पीड सेकंदाला २५ मिलिमीटर, म्हणजे छोटा चौकोन ०.०४ सेकंद, पाच छोट्यांचा एक मोठा ०.२० सेकंद, आणि पाच मोठे झाले की एक सेकंद. उंचीत १० मिलिमीटर म्हणजे १ मिलिव्होल्ट. पट्टीच्या कडेला कॅलिब्रेशनचा खांब असतो तो बरोबर दोन मोठे चौकोन उंच आहे का बघायचं, आणि स्पीड काय छापलाय ते वाचायचं. कुणीतरी स्पीड ५० वर ठेवून गेलेला असतो, मग धडधाकट माणसाचा रेट निम्मा दिसतो, क्यूआरएस (पीच्या मागचा उंच टोकदार भाग, खालच्या कप्प्यांचा) रुंद दिसतो, आणि वॉर्डात पेसमेकरची चर्चा सुरू होते. ज्यांच्या घरात चादरीचं काम झालंय त्यांना हा कागद लवकर जमेल असं मला वाटतं, जॅकार्डची नक्षी पण आधी असल्याच चौकोनी ग्राफवर काढतात आणि एक घर इकडचं तिकडं झालं की चादरीवर फूल वाकडं उतरतं. तीच नजर इथं लागते, घर मोजायची.

आता वायरी. लाल उजव्या हाताला, पिवळी डाव्या हाताला, हिरवी डाव्या पायाला, काळी उजव्या पायाला. आपल्याकडच्या मशीनला सहसा हेच रंग असतात, पण अमेरिकन पद्धतीच्या केबलमध्ये काळी डाव्या हाताची असते आणि लाल डाव्या पायाची, त्यामुळं केबल बदलली असेल तर रंगावर जाऊ नका, टोकावर छापलेली अक्षरं वाचा. छातीवर व्ही वन आणि व्ही टू बरगड्यांमधल्या चौथ्या जागेत, छातीच्या हाडाच्या उजवीकडं आणि डावीकडं. ही जागा अंदाजानं लावतात आणि ती जवळजवळ कायम वर जाते. गळ्याच्या खाचेतून बोट खाली आणा, हाडावर एक आडवा उंचवटा लागतो, त्याच्या शेजारची बरगडी दुसरी, तिच्या खालची जागा दुसरी, तिथून मोजत चौथीला या. व्ही फोर पाचव्या जागेत कॉलरबोनच्या मध्याच्या रेषेत, व्ही थ्री या दोघांच्या मधे, मग व्ही फाईव्ह आणि व्ही सिक्स काखेकडं त्याच लेव्हलला. बायकांचा ईसीजी असेल तर आधी पडदा, मग सांगून, विचारून हात लावायचा, घाईत हे राहून जातं. बांगड्या वर सरकवून क्लॅम्प कातडीला नीट टेकला पाहिजे.

काढून झाला की लीड वन बघा. त्यात सगळंच उलटं, आणि एव्हीआर नावाच्या लीडमध्ये पी आणि क्यूआरएस सरळ वर, तर नव्वद टक्के हाताच्या वायरी अदलाबदल झाल्यात. परत काढा. हृदय उजवीकडं असलेला माणूस पण असतो, पण आधी वायरी बघायच्या.

उन्हाळ्यात आपल्याकडं पट्टीवरच्या कचऱ्याचा, म्हणजे हृदयाच्या नसलेल्या खोट्या रेघांचा, त्रास फार. घामानं इलेक्ट्रोड चिकटत नाही आणि बेसलाईन वरखाली लाटांसारखी फिरते, तिथं कापसानं कोरडं पुसून, छातीवर केस दाट असतील तर थोडे काढून, जेली नव्यानं लावली की काम होतं. दुसरा कचरा विजेचा. बेडला चिकटून कूलर घरघरतोय आणि पट्टीवर रेघ जाड, केसाळ दिसायलीय, तर एक मोठा चौकोन धरा आणि त्यातले बारीक दाते मोजा. दहा आले की ती आपली लाईट, ५० हर्ट्झ, दुसरं काही नाही. कूलरचा प्लग दोन मिनिटं काढा, घरचे कुरकुर करतील, करू द्या. तिसरा प्रकार थरथरीचा आणि हा खरा फसवतो, कारण पार्किन्सनची थरथर सेकंदाला चार ते सहा वेळा होते, म्हणजे मिनिटाला साधारण ३००, आणि फ्लटर (वरचे कप्पे एका लयीत फार वेगात पळतात तो रिदम) पण मिनिटाला ३०० च्याच आसपास असतो. पट्टीवर दोन्ही सारखेच दिसतात. अशा वेळी थरथरणारा हात कुठला ते बघायचं. उजवा असेल तर लीड थ्री बघा, तिच्यात उजव्या हाताचा संबंधच नसतो, तिथं पी स्वच्छ उभी दिसेल.

एवढं झाल्यावर मग रिदम. पहिला प्रश्न रेट. दोन आरमधले (आर म्हणजे क्यूआरएसचं उंच टोक) मोठे चौकोन मोजा आणि ३०० ला भागा, दोन चौकोन म्हणजे १५०, तीन म्हणजे १००, चार ७५, पाच ६०. अनियमित असेल तर हे करू नका, चुकणारच. पूर्ण पानाचा बारा लीडचा ईसीजी सहसा दहा सेकंदांचा असतो, खालच्या लांब पट्टीवरचे क्यूआरएस मोजा आणि सहानं गुणा. सिंगल चॅनलची लांब पट्टी असेल तर तीस मोठे चौकोन घेऊन दहानं गुणा.

दुसरा प्रश्न नियमित आहे का. डोळ्यावर विश्वास ठेवायचा नाही, विशेषतः रेट जास्त असला की सगळंच नियमित वाटतं. कोऱ्या कागदाची कड पट्टीखाली धरा, लागोपाठच्या तीन-चार आरच्या टोकांना पेन्सिलनं खुणा करा, आणि कड पुढं सरकवत जा. खुणा बसत गेल्या तर नियमित. कॅलिपर असेल तर उत्तम, पण कागदाच्या कडेनं आयुष्यभर काम चालतं.

तिसरा प्रश्न, पी कुठंय. इथंच थांबायचं, इथं वेळ घालवायचा. लीड टू आणि व्ही वन या दोन जागा बघायच्या. लीड टूमध्ये पी वर, एव्हीआरमध्ये खाली, प्रत्येक क्यूआरएसच्या आधी एक आणि प्रत्येक पीच्या मागं एक क्यूआरएस, तर सायनस. रेट ६० ते १०० मधे, पीआर (पीच्या सुरुवातीपासून क्यूआरएसच्या सुरुवातीपर्यंतचं अंतर) तीन ते पाच छोटे चौकोन, क्यूआरएस तीन छोट्या चौकोनांच्या आत, संपला विषय, नॉर्मल. आणि नॉर्मल भरपूर बघा हो. व्हीटीची दुर्मिळ पट्टी सगळ्यांना बघायची असते, पण नॉर्मल पी पाचशे वेळा बघितल्याशिवाय बिघडलेली पी दिसत नाही. तरुण पोरांमध्ये श्वास घेताना रेट वाढतो, सोडताना कमी होतो, पी मात्र सारखी राहते, हा सायनस अरिद्मिया, याला काही करायचं नसतं. मशीन कधी कधी याच्यावर एएफ (वरचे कप्पे थरथरतात आणि ठोके अनियमित पडतात तो रिदम) छापून मोकळी होते.

पी दिसत नसेल तर दोनच गोष्टी, एक तर ती नाही, नाहीतर लपलीय. लपायची आवडती जागा म्हणजे टी वेव्ह, क्यूआरएसच्या मागची लाट. म्हणून सगळ्या टी एकमेकांशी ताडून बघा, एखादीच टी टोकदार किंवा कुबड आल्यासारखी असेल तर तिच्या पोटात पी आहे. यावरनं एक कामाची गोष्ट: रिदम चालू आहे, मधेच एक ठोका गेला, लांब पॉज आला, सगळे म्हणायला लागतात ब्लॉक, ब्लॉक, म्हणजे वरून खाली येणारा सिग्नल अडकला. पॉजच्या लगेच आधीची टी बघा. तिच्यात वेळेआधी आलेली पी अडकलेली असती, एट्रियल एक्टोपिक, पुढं गेलीच नाही. पॉजचं सगळ्यात कॉमन कारण हेच, आणि हे निरुपद्रवी असतं बऱ्याचदा.

आता एक पट्टी घेऊन बघू. क्यूआरएस अरुंद, कड सरकवली तर खुणा काटेकोर बसतात, आरमधे दोन मोठे चौकोन, म्हणजे १५०. पेशंट बोलतोय, बीपी ठीक, नुसतं धडधडतंय म्हणतोय. तीन संशयित, सायनस टॅकी (सायनसच, पण वेगात), एसव्हीटी (खालच्या कप्प्यांच्या वरून निघालेला वेगातला रिदम), फ्लटर. पहिलं विचारायचं की रेट हलतोय का. ताप, रक्तस्राव, पाणी कमी पडलेला माणूस असेल तर सायनस, आणि सायनसचा रेट सलाईन गेलं, ताप उतरला की १५० चा १४२, १३५ असा हळूहळू उतरतो. एसव्हीटी अचानक सुरू होतो, अचानक थांबतो, मधे रेट खिळल्यासारखा. आणि रेट अर्धा तास १५० च्या १५० वर बसलाय तर फ्लटर डोक्यात आलाच पाहिजे, कारण वर एट्रियम, म्हणजे वरचा कप्पा, ३०० नं पळतं आणि खाली दोनातला एकच उतरतो. लीड टू, थ्री, एव्हीएफमध्ये करवतीच्या दात्यांसारखी बेसलाईन शोधा, व्ही वनमध्ये दोन क्यूआरएसच्या बरोबर मध्यावर एक छोटी पी दिसतीय का बघा, दिसली तर दुसरी क्यूआरएसच्या आत दडलेली असणार. डॉक्टरनी ॲडेनोसिन द्यायचं ठरवलं तर तुमचं काम एकच, औषध जायच्या आधीपासून पट्टी चालू ठेवायची. ६ मिलिग्रॅम झटक्यात, मागनं सलाईनचा फ्लश, आणि ते काही सेकंद जे छापलं जातं त्यात सगळं उत्तर असतं. एसव्हीटी असेल तर तुटतो, फ्लटर असेल तर क्यूआरएस विरळ होऊन दाते उघडे पडतात. पट्टी चालू नव्हती म्हणजे औषध पण गेलं आणि उत्तर पण गेलं.

अनियमितमध्ये एएफ सगळ्यात जास्त. पी नाही, बेसलाईन बारीक थरथरती, आणि आरमधल्या अंतराला कसलाच नियम नाही, कडेवरच्या खुणा कुठंच बसत नाहीत. आपल्याकडं एएफ म्हणजे म्हाताऱ्यांचा आजार असं धरू नका, लहानपणी ऱ्हुमॅटिक ताप येऊन मायट्रल व्हॉल्व्ह आकसलेल्या पस्तीस-चाळिशीच्या बायका अजून येतात. मनगटावर नाडी ८० आणि मॉनिटरवर ११०, असा फरक एएफमध्ये सापडतो, म्हणून दोन्ही लिहा. आणि एक बारकावा, जुना एएफचा पेशंट अचानक एकदम नियमित झाला आणि रेट ४० वर आला, तर सुधारला म्हणून खूश होऊ नका. पी आली का बघा. पी नसेल आणि नियमित असेल तर खाली पूर्ण ब्लॉक झालाय, डिगॉक्सिन चालू आहे का ते विचारा आणि डॉक्टरला फोन.

चौथा प्रश्न पीआर. ब्लॉकला सगळे घाबरतात पण पी धरून ठेवली तर सोपं आहे. पीआर लांबलेला पण एकसारखा, ठोका जात नाही, फर्स्ट डिग्री. पीआर लांबत लांबत जातो आणि मग एक पी कोरडी जाते, परत छोट्या पीआरपासून सुरू, हा वेंकेबाख, यात ठोके घोळक्याघोळक्यानं आलेले दिसतात. वेंकेबाखनं हे १८९९ मध्ये नुसत्या नाडीच्या आलेखावरून पकडलं होतं, तेव्हा आइंटहोवेनचं ईसीजीचं यंत्र यायचं होतं, आणि आपल्याला बारा लीड हातात असून दिसत नाही. पीआर अजिबात न बदलता अचानक पीच्या मागचा ठोका गायब, हा मोबिट्झ टू, हा वाईट, हा कधीही पूर्ण ब्लॉकमध्ये जाऊ शकतो, याला मॉनिटरशिवाय सोडायचं नाही.

पूर्ण ब्लॉक असा बघा. समजा आर ते आर आठ मोठे चौकोन, रेट ३७, खुणा बसतात. आता दुसरी कड घ्या आणि फक्त पीच्या खुणा करा. दोन पीमधे साडेतीन चौकोन, म्हणजे ८६, त्या पण नियमित. मधे एखादी पी सापडत नाही असं वाटतं, तर खूण जिथं पडतीय तिथं बघा, क्यूआरएसचा खांदा किंवा टीचं टोक तिथं वेगळं दिसेल. दोन्ही आपापल्या चालीनं नियमित, पण पीआर मात्र दर ठोक्याला वेगळा, म्हणजे वरच्याचा खालच्याशी संबंध तुटलाय. दोन कागदाच्या कडा वापरल्या की हे निदान डोळ्यासमोर उभं राहतं, नुसतं बघून राहत नाही.

इथं आपल्या जिल्ह्यापुरतं एक सांगतो. तरुण पेशंट, आधीचा काही आजार नाही, उलट्या आणि रेट ४०, ब्लॉक, मधे मधे एक्टोपिक, तर घरच्यांना बाजूला घेऊन बिट्टीच्या बिया खाल्ल्यात का विचारा. पिवळी कण्हेर म्हणतात तीच, कुंपणाला असते सगळीकडं, तिच्यातलं विष डिगॉक्सिनसारखंच हृदयाला धरतं. चारचौघात विचारलं तर खरं सांगत नाहीत. अशाच पेशंटचा रिदम तासातासाला बदलतो, एक ईसीजी काढून फाईलला लावून भागत नाही.

पाचवा प्रश्न क्यूआरएस. रुंद क्यूआरएस आणि रेट जास्त, नियमित, म्हणजे व्हीटी समजूनच चालायचं. बंडल ब्रांच ब्लॉक (खालच्या कप्प्याकडं जाणारी एक तार बंद) असलेला एसव्हीटी पण असा दिसतो हे खरं, पण साठीचा माणूस, आधी अटॅक येऊन गेलेला, त्याला एसव्हीटी समजून व्हेरापामिल दिलं आणि तो व्हीटी निघाला तर बीपी जागेवर कोसळतं. पेशंट बोलतोय म्हणून व्हीटी नाही, हा युक्तिवाद पण चालत नाही, व्हीटीत माणसं चालत येतात. पी आपल्या चालीनं वेगळी जाताना दिसली, किंवा रुंद ठोक्यांत मधेच एक अरुंद ठोका आला, तर पक्कंच. रुंद, वेगात आणि वर अनियमित असेल तर एएफ सोबत जादाची वाट असलेला डब्ल्यूपीडब्ल्यू असू शकतो, तिथं ॲडेनोसिन, व्हेरापामिल, डिगॉक्सिन यांना हात लावायचा नाही, सीनियर बोलवा. आणि रुंद पण हळू, पी गायब, टी उंच टोकदार, एकूण विचित्रच दिसायलंय, पेशंट डायलिसिसचा आहे आणि एक वार चुकलाय, तर रक्तात पोटॅशियम वाढलंय. रिपोर्टची वाट बघत बसू नका, ईसीजी घेऊन डॉक्टरकडं पळा.

सरावाचं म्हणाल तर मशीननं वर छापलेलं निदान आधी दुमडून टाका, वाचलं की डोकं तेच बघायला लागतं. रोज ड्युटीवरच्या दोन पट्ट्या घ्या आणि रेट, नियमितपणा, पी, पीआर, क्यूआरएस असं पाच ओळीत वहीत लिहा, नाव सहाव्या ओळीत, मग मशीनचं उघडून बघा, जिथं जुळत नाही तेवढंच सीनियरला विचारा. नाईटला निवांत असेल तर फिजिओनेट या वेबसाईटवर एमआयटी-बीआयएच नावाचा संग्रह फुकट आहे, ४७ लोकांची अर्ध्या अर्ध्या तासाची ४८ रेकॉर्डिंग, प्रत्येक ठोक्याला तज्ज्ञांनी खूण केलेली. रिदम सुरू कसा होतो आणि तुटतो कसा हे त्यात दिसतं, जे दहा सेकंदांच्या पानावर कधीच दिसत नाही.

थर्मल कागद आपल्या उन्हात टिकत नाही, खिडकीजवळची फाईल वर्षाच्या आत कोरी पडते, आणि चिकटपट्टी लावली तर तिच्याखालची रेघ आधी जाते. झेरॉक्स काढून फाईलला लावा. मोबाईलवर फोटो काढून ग्रुपवर विचारायचं असेल तर नाव, वय, आयपीडी नंबर अंगठ्यानं झाकून काढा, आणि फोटोत कमीत कमी एक सेकंदभराचे चौकोन नीट दिसले पाहिजेत, तिरका फोटो टाकून पीआर किती विचारलं तर कोण सांगणार.